जलपिसू विषालुता चाचणी : अल्पविद्राव्य रसायने

एखादे रसायन पाण्यातील जीवांना किती प्रमाणात व किती अवधीत घातक ठरते, हे जलपिसू या गोड्या पाण्यातील सूक्ष्म प्राण्यावरून ठरविण्याच्या पद्धतीस जलपिसू विषालुता चाचणी म्हणतात. अल्पकालीन चाचणीचा अवधी सामान्यतः ४८ तासांचा असतो. पोटॅशियम डायक्रोमेटासारख्या सहज विरघळणाऱ्या पदार्थाच्या बाबतीत ही चाचणी सोपी आहे; कारण पात्रात जेवढा पदार्थ घातला जवळजवळ तेवढाच प्राण्याच्या भोवतीच्या पाण्यात विरघळलेला असतो. डीडीटी, कृत्रिम पायरेथ्रॉइड कीटकनाशके, खनिज तेले किंवा अनेक औषधी द्रव्ये पाण्यात फारच थोडी विरघळतात. अशा अल्पविद्राव्य पदार्थांच्या बाबतीत पात्रात घातलेली मात्रा आणि प्राण्याला प्रत्यक्ष भिडलेली मात्रा यांत मोठी तफावत पडते. या दोन मात्रा भिन्न आहेत हे ओळखणे आणि त्यांतील अंतर मोजता येणे, हा या चाचणीच्या इतिहासाचा मुख्य धागा आहे. पाण्याच्या सुरक्षिततेचे निकष अशा चाचण्यांतून मिळालेल्या आकड्यांवर बेतले जातात. त्यामुळे हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेपुरता राहत नाही. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहर, त्याच्या भोवतालची औद्योगिक क्षेत्रे, कापसाची शेते आणि या सर्वांच्या उतारावर असलेला पैठणचा नाथसागर जलाशय यांचा विचार करताना त्याचे महत्त्व विशेषत्वाने ध्यानात येते.

प्राणी : जलपिसू हा कीटक नव्हे. तो कवचधारी (क्रस्टेशिया) प्राण्यांपैकी क्लॅडोसेरा गटातील असून झटके देत पोहण्याच्या त्याच्या सवयीमुळे त्यास हे नाव मिळाले आहे. त्याची लांबी साधारणपणे ०·५ ते ५ मिमी. असते. शरीर पारदर्शक, दुमडलेल्या कवचात असते आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या हृदयाचे ठोके स्पष्ट मोजता येतात. फांद्या फुटल्यासारख्या दिसणाऱ्या शृंगिकांच्या फटकाऱ्यांनी तो पोहतो. पायांवरील दाट केसांच्या साहाय्याने तो पाणी सतत गाळतो व त्यातील शैवले, सूक्ष्मजंतू आणि बारीक कण खातो. स्वतः तो माशांच्या पिलांचे खाद्य असतो. अनुकूल परिस्थितीत मादी नराशिवाय, अनिषेकजननाने प्रजा निर्माण करते. त्यामुळे एकाच मादीपासून आनुवंशिक दृष्ट्या एकसारखी असंख्य पिले मिळू शकतात. अल्प आयुष्य, लहान आकार, एकसारखी प्रजा आणि विषारी द्रव्यांविषयीची संवेदनक्षमता या गुणांमुळे हा प्राणी चाचणीसाठी सोयीचा ठरला. मात्र पाणी गाळून खाण्याची त्याची सवय अल्पविद्राव्य पदार्थांच्या चाचणीत अडचणीची ठरते. कारण जे विरघळलेले नाही तेही त्याच्या पोटात जाऊ शकते.

डच शास्त्रज्ञ यान स्वामरडाम यांनी १६६९ मध्ये या प्राण्याचे वर्णन केले. डॅनिश प्राणिशास्त्रज्ञ ओ. एफ. म्यूलर यांनी १७८५ मध्ये डॅफ्निया हे प्रजातिनाम दिले. पुढे चाचणीसाठी जगभर रूढ झालेल्या डॅफ्निया मॅग्ना या मोठ्या जातीचे वर्णन श्ट्राउस यांनी १८२० मध्ये केले. १८८४ मध्ये एल्या मेचनिकॉव्ह यांनी जलपिसूच्या शरीरात शिरलेल्या रोगकारक कवकाच्या बीजाणूंना रक्तपेशी गिळतात हे पाहिले आणि त्यावरून प्रतिकारक्षमतेच्या अभ्यासाला नवी दिशा मिळाली. महाराष्ट्राचा या विषयाशी आलेला संबंधही जुना आहे. नागपूर येथील स्कॉटिश मिशनरी व निसर्गाभ्यासक रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी त्या परिसरातून गोळा केलेल्या सूक्ष्म कवचधारी प्राण्यांचे वर्णन विल्यम बेअर्ड यांनी लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या वृत्तांतात १८६० च्या सुमारास प्रसिद्ध केले.

चाचणीचा प्रारंभ : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कारखान्यांचे सांडपाणी नद्यांत मिसळू लागले, तेव्हा त्याचे केवळ रासायनिक विश्लेषण पुरेसे नाही हे दिसून आले. पाण्यात काय आहे हे विश्लेषणाने कळे. पण त्या पाण्यात जीव जगेल की नाही हे कळत नसे. १९३० नंतरच्या दशकात स्वीडिश शास्त्रज्ञ आयनार नाउमान यांनी डॅफ्निया मॅग्ना हा प्रायोगिक प्राणी म्हणून वापरण्याचा पुरस्कार केला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील बर्टिल अँडरसन यांनी १९४४ मध्ये औद्योगिक सांडपाण्यात आढळणाऱ्या विविध पदार्थांच्या विषालुतेच्या सीमा जलपिसूंवरून ठरवून प्रसिद्ध केल्या. एवढ्या लहान प्राण्याचा मृत्यू नेमका केव्हा झाला हे सांगणे कठीण असते. म्हणून मृत्यूऐवजी त्याची हालचाल थांबणे हा निकष मानण्यात आला. हाच निकष पुढे प्रमाणभूत ठरला.

अल्पविद्राव्यतेचा प्रश्न : डीडीटीचा कीटकनाशक गुणधर्म पाउल म्यूलर यांनी १९३९ मध्ये शोधून काढला. पाण्यात न विरघळणे हा या द्रव्याचा व्यवहारातील मोठा गुण होता. भिंतीवर फवारल्यावर ते महिनोन्‌महिने टिके आणि हिवतापाच्या डासांचा नाश करी. भारतात १९५३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रमाचा ते आधार होते. तथापि प्रयोगशाळेत हाच गुण अडचणीचा ठरला. लिटरभर पाण्यात डीडीटी फार तर काही मायक्रोग्रॅम विरघळते आणि जलपिसूंना घातक ठरणारे त्याचे प्रमाणही त्याच पातळीच्या आसपास आहे.

यावर उपाय म्हणून असे पदार्थ ॲसिटोनासारख्या विद्रावकात विरघळवून त्याचे थेंब पाण्यात सोडण्याची रीत पडली. पाणी वरकरणी निवळ किंवा किंचित दुधी दिसे व प्रयोग पार पडे. नोंदवहीत मात्र पात्रात घातलेल्या पदार्थाचेच प्रमाण लिहिले जाई. वस्तुतः त्यातील काही भाग सूक्ष्म स्फटिकांच्या वा थेंबांच्या रूपाने पाण्यात तरंगत राही. काही तळाशी बसे, काही काचेच्या पृष्ठभागाला चिकटे, काहींचे बाष्पीभवन होई, तर काही प्राण्यांच्याच शरीरात शोषले जाई. त्यामुळे त्या काळातील सारण्यांत पदार्थाच्या पाण्यातील विद्राव्यतेपेक्षा कितीतरी अधिक असे घातक प्रमाणाचे आकडे आढळतात. अशा आकड्यांचा अर्थ लावणे अवघड असते. कारण तेवढा पदार्थ पाण्यात विरघळलेला असणे शक्यच नसते.

याने दोन विरुद्ध प्रकारच्या चुका संभवतात. पहिली चूक म्हणजे विषारी पदार्थ निरुपद्रवी ठरणे. लिटरला शंभर मिलिग्रॅम पदार्थ घालूनही जलपिसू पोहत राहिले, तर तो पदार्थ सुरक्षित आहे असे वाटते. पण त्यांपैकी एक शतांश मिलिग्रॅमच विरघळला असेल, तर प्राण्याची परीक्षा तेवढ्याच मात्रेवर झालेली असते. दुसरी चूक याच्या उलट आहे. न विरघळलेले कण शृंगिकांना व पायांवरील केसांना चिकटून प्राणी जखडला जातो; तेलकट तवंगात सापडल्यास त्याचे कवच पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून राहते व त्यास पुन्हा खाली जाता येत नाही. अशा वेळी हालचाल थांबते, पण ती विषामुळे नव्हे. निरीक्षकाने केवळ थांबलेले प्राणी मोजले, तर यांत्रिक अडथळ्याची नोंद विषबाधा म्हणून होते.

अल्पविद्राव्यता म्हणजे निरुपद्रवीपणा नव्हे, हे कृत्रिम पायरेथ्रॉइडांनी ठळकपणे दाखवून दिले. कापसावर फवारल्या जाणाऱ्या सायपरमेथ्रिनाची पाण्यातील विद्राव्यता लिटरला काही मायक्रोग्रॅम एवढीच आहे; परंतु जलपिसूंना ते एका मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी प्रमाणात घातक ठरते. म्हणजे विरघळणारा अत्यल्प भागच पुरेसा होतो.

विहिरींतील अनुभव : अल्पविद्राव्य रसायन व सूक्ष्म कवचधारी प्राणी यांचा संबंध महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात एका वेगळ्या निमित्ताने आला. नारू या रोगाच्या कृमीचे डिंभ सायक्लॉप्स या प्राण्याच्या शरीरात वाढतात आणि असे पाणी न गाळता प्यायल्याने रोग होतो. सायक्लॉप्स हा कॉपेपोडा गटातील प्राणी असून डॅफ्नियाहून भिन्न आहे; परंतु लोकव्यवहारात दोहोंनाही जलपिसू म्हटले जाते. रोग्याने पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरताना पायावरील फोडातून डिंभ पाण्यात जात व रोगाचे चक्र चालू राही. भारत सरकारने १९८३–८४ मध्ये राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू केला. त्यात अंतर्भूत झालेल्या राज्यांत महाराष्ट्र होते.

या कार्यक्रमात सायक्लॉप्सांच्या नाशासाठी टेमेफॉस हे कीटकनाशक वापरण्यात आले. येथे चाचणीचा हेतू उलटा होता : सूक्ष्म प्राणी मरावा, पण ते पाणी पिणाऱ्या माणसाला अपाय होऊ नये, असे प्रमाण ठरवावयाचे होते. हे प्रमाण लिटरला १ मिलिग्रॅम असे धरण्यात आले. त्यासाठी आधी विहिरीची लांबी, रुंदी व पाण्याची खोली मोजून पाण्याचे घनफळ काढावे लागे. द्रव्याचे पायसनीय द्रावण ५० टक्के असल्यास एक घनमीटर पाण्यास सु. २ मिलि. द्रावण लागे, म्हणजे ५० घनमीटर पाणी असलेल्या विहिरीस सु. १०० मिलि. पुरे. टेमेफॉसाची खरी विद्राव्यता मात्र लिटरला एका मिलिग्रॅमच्या लहानशा अंशाइतकीच आहे. त्यामुळे विहिरीत घातलेल्या द्रव्याचा बराचसा भाग विद्रावाच्या नव्हे, तर पायसाच्या (सूक्ष्म थेंबांच्या) रूपात असे व तो हळूहळू भिंतींवर, गाळात आणि प्राण्यांत जाई. परिणाम ओसरत असल्याने ही प्रक्रिया साधारण महिन्याच्या अंतराने पुन्हा करावी लागे.

पाणी कापडाने गाळणे, पायऱ्यांच्या विहिरींचे रूपांतर रहाटाने पाणी काढण्याच्या विहिरींत करणे आणि हातपंप बसविणे यांच्या जोडीने हा उपाय यशस्वी झाला. देशातील अखेरचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. या अनुभवावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. व्यवहारातील मात्रा आणि विरघळलेली मात्रा यांत फरक असला, तरी सार्वजनिक आरोग्याचे उद्दिष्ट साधता येते. पण त्या मात्रेवरून पाण्यातील इतर जीवांविषयी अनुमान करता येत नाही. टेमेफॉस डॅफ्नियासारख्या जलपिसूंनाही तीव्र विषारी आहे. म्हणून विहिरीपुरता योग्य असलेला हा उपाय तळ्यांना किंवा जलाशयांना जसाच्या तसा लागू करता येत नाही.

प्रमाणीकरण : निरनिराळ्या देशांतील निष्कर्ष एकमेकांशी ताडून पाहता यावेत म्हणून आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने १९८१ मध्ये रसायनांच्या चाचण्यांची मार्गदर्शक सूत्रे स्वीकारली. त्यांतील २०२ क्रमांकाचे सूत्र जलपिसूंच्या अल्पकालीन चाचणीचे आहे. १९८४ मध्ये व नंतर २००४ मध्ये त्यात सुधारणा झाल्या. प्रारंभी २४ तासांच्या निरीक्षणावर भर होता. २००४ च्या आवृत्तीत ४८ तासांचा अवधी निश्चित झाला. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेनेही १९८२ मध्ये या चाचणीचे मानक प्रसिद्ध केले.

या पद्धतीनुसार २४ तासांहून कमी वयाची पिले घेतात. पदार्थाच्या किमान पाच चढत्या संहती (विद्रावातील प्रमाणे) तयार करतात व लगतच्या दोन संहतींतील गुणोत्तर २·२ हून अधिक ठेवीत नाहीत. प्रत्येक संहतीसाठी किमान २० प्राणी, शक्यतो पाचपाचांच्या चार गटांत, वापरतात आणि प्रत्येक प्राण्यास निदान २ मिलि. पाणी देतात. तापमान १८° ते २२° से. यांदरम्यान स्थिर राखतात. प्रयोगाच्या काळात प्राण्यांना खाद्य देत नाहीत. पात्र हळुवार हालविल्यानंतर १५ सेकंदांत जो प्राणी पोहू शकत नाही तो निश्चल मानतात. निम्मे प्राणी ज्या संहतीत निश्चल होतात तिला मध्यम प्रभावी संहती म्हणतात. रसायनविरहित तुलनापात्रातील १० टक्क्यांहून अधिक प्राणी निश्चल झाल्यास प्रयोग अग्राह्य ठरतो. प्राण्यांची संवेदनक्षमता योग्य आहे हे पडताळण्यासाठी पोटॅशियम डायक्रोमेटाची चाचणी वेळोवेळी घेतात.

अल्पविद्राव्य व अन्य अवघड पदार्थांसाठी संघटनेने २००० मध्ये स्वतंत्र मार्गदर्शिका काढली व २०१९ मध्ये तिची सुधारित आवृत्ती प्रसिद्ध केली. त्यातील मूळ तत्त्व असे की, चाचणी विरघळलेल्या भागावर घ्यावी आणि त्याचे प्रमाण प्रयोगाच्या आरंभी व अखेरीस प्रत्यक्ष मोजावे. यासाठी अनेक रीती विकसित झाल्या आहेत. पदार्थ पाण्यात घालून ते दीर्घकाळ मंदगतीने ढवळतात, न विरघळलेला भाग वेगळा करतात आणि उरलेला संतृप्त विद्राव वापरतात. दुसऱ्या रीतीत पदार्थाचा लेप दिलेल्या कणांनी भरलेल्या नळीतून पाणी सोडतात. अलीकडच्या एका रीतीत सिलिकोनासारख्या बहुवारिकात पदार्थ आधी शोषवून तो पात्रात ठेवतात. पाण्यातील पदार्थ जसजसा कमी होतो, तसतसा बहुवारिकातून त्याचा पुरवठा होत राहतो व संहती स्थिर राहते. खनिज तेलासारख्या अनेक घटकांच्या मिश्रणाचा एकच विद्राव्यतांक सांगता येत नाही. अशा वेळी ठरावीक भार पाण्याशी मिसळून, स्थिरावल्यानंतर पाण्यात उतरलेला अंश तेवढा वापरतात आणि निष्कर्ष भाराच्या रूपात देतात. अल्पविद्राव्य धातुसंयुगांसाठी त्यांचे पाण्यात कितपत रूपांतर होऊन धातू विरघळतो हे आधी पाहण्याची पद्धती २००१ मध्ये देण्यात आली. विद्रावकाचा वापर शक्य तो टाळावा, अपरिहार्य असल्यास लिटरला ०·१ मिलि. हून अधिक नसावा आणि केवळ विद्रावक असलेले आणखी एक तुलनापात्र ठेवावे, असाही दंडक आहे.

एवढे करूनही ४८ तासांत परिणाम दिसला नाही, तर ‘विद्राव्यतेच्या मर्यादेपर्यंत तीव्र विषालुता आढळली नाही’ एवढेच म्हणता येते. असे पदार्थ शरीरात सावकाश साठतात. त्यामुळे त्यांचा परिणाम दिसण्यास दोन दिवस अपुरे पडू शकतात. यासाठी २१ दिवसांची प्रजननचाचणी घेतात. तीस १९९८ मध्ये २११ क्रमांकाचे स्वतंत्र सूत्र मिळाले. यूरोपीय संघाच्या २००६ च्या रसायनविषयक कायद्यानेही अल्पविद्राव्य पदार्थांच्या बाबतीत दीर्घकालीन चाचणीचा विचार करण्यास सांगितले आहे.

भारतातील स्थिती : जलप्रदूषणाविषयी स्वतंत्र कायदा करण्यात महाराष्ट्र अग्रेसर होते. राज्याचा जलप्रदूषण प्रतिबंध अधिनियम १९६९ चा असून ७ सप्टेंबर १९७० रोजी त्यानुसार मंडळ स्थापन झाले. केंद्रीय अधिनियम १९७४ मध्ये आला. भोपाळ दुर्घटनेनंतर झालेल्या १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाच्या नियमांत सांडपाण्यासाठी जैव चाचणीचा समावेश झाला. पण ती माशांवरील आहे. प्रक्रिया केलेल्या, पातळ न केलेल्या सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत, असा तिचा निकष आहे. मासा मोठा व तुलनेने चिवट असल्यामुळे जलपिसूस मारक ठरणारी काही कीटकनाशके त्या प्रमाणात माशाला मारीत नाहीत. माशाच्या पिलांचे खाद्य मात्र त्याआधीच नष्ट झालेले असते. २०११ मध्ये भारत चाचणी-निष्कर्षांच्या परस्पर स्वीकृतीच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत पूर्ण सदस्य झाला. त्यामुळे मान्यताप्राप्त भारतीय प्रयोगशाळांत २०२ क्रमांकाच्या सूत्रानुसार केलेल्या चाचण्या अन्य सदस्य देशांतही ग्राह्य ठरतात.

छत्रपती संभाजीनगर परिसर : औरंगाबाद येथे १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ (१९९४ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ) स्थापन झाले. त्याच्या प्राणिशास्त्र विभागात आर. नागभूषणम् व त्यांचे सहकारी यांनी १९७० नंतरच्या काळात गोड्या पाण्यातील खेकडे, शिंपले इ. अपृष्ठवंशी प्राण्यांवर कीटकनाशकांचे व अन्य प्रदूषकांचे काय परिणाम होतात याचा विस्तृत अभ्यास केला. परदेशी प्रमाणित प्राण्याऐवजी येथील ओढ्यांत व नद्यांत मिळणारे प्राणी वापरणे हे या अभ्यासाचे वैशिष्ट्य होय.

याच काळात परिसराचे जलचित्र बदलले. मलिक अंबरच्या नहरींवर व हर्सूल तलावावर एकेकाळी विसंबलेले शहर पैठण येथील जायकवाडी धरणाच्या पाण्यावर अवलंबून राहू लागले. या धरणाचे उद्‌घाटन १९७६ मध्ये झाले आणि त्याचा नाथसागर जलाशय १९८६ मध्ये पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. चिकलठाणा, वाळूज आणि पुढे शेंद्रा येथे औद्योगिक वसाहती वाढल्या. शहरातून वाहणारी खाम नदी गोदावरीस मिळते. सभोवतालच्या काळ्या जमिनीत कापूस हे प्रमुख पीक असून त्यावर कीटकनाशकांचा वापर होत आला आहे.

अशा ठिकाणी प्रमाणित चाचणीचा आकडा जसाच्या तसा लावण्यात तीन अडचणी येतात. पहिली तापमानाची आहे. चाचणी २०° से. च्या आसपास होते. मराठवाड्यातील उथळ पाणी उन्हाळ्यात याहून बरेच उष्ण असते. उष्णतेने विद्राव्यता, प्राण्याचा चयापचय आणि रसायनाचे विघटन ही तिन्ही बदलतात. दुसरी अडचण प्राण्याची. डॅफ्निया मॅग्ना ही मुख्यतः थंड व समशीतोष्ण प्रदेशांतील जाती आहे. भारतीय तळ्यांत डॅफ्निया कॅरिनेटा हा जातिसमूह, डॅफ्निया लुमहोल्ट्झी आणि मॉइना व सेरिओडॅफ्निया या प्रजातींतील लहान जलपिसू सामान्यपणे आढळतात व त्यांची संवेदनक्षमता भिन्न असू शकते. तिसरी अडचण गाळाची आहे. पावसाळ्यात काळ्या मातीचे सूक्ष्म कण पाण्याबरोबर जलाशयात येतात. अल्पविद्राव्य रसायन पाण्यापेक्षा अशा कणांना व त्यांतील सेंद्रिय द्रव्याला अधिक चिकटते. त्यामुळे गाळलेल्या पाण्याच्या तपासणीत ते आढळणार नाही. परंतु कण गाळून खाणाऱ्या जलपिसूच्या पोटात ते पोहोचू शकते आणि त्याच्यामार्फत माशाच्या व माशावर जगणाऱ्या पक्ष्याच्या शरीरातही जाऊ शकते. निवळ पाण्यातील चाचणी ही शक्यता दाखवीत नाही. कारण अचूकतेसाठी न विरघळलेला भाग तीत मुद्दाम वगळलेला असतो.

यावरून प्रमाणित चाचणी निरुपयोगी ठरत नाही. रसायनांची परस्परांशी तुलना करण्यासाठी तिच्याइतके स्वस्त, जलद व निश्चित साधन दुसरे नाही. मात्र तिचा आकडा वाचताना पदार्थाची विद्राव्यता किती, संहती प्रत्यक्ष मोजली होती की केवळ घातलेल्या मात्रेवरून लिहिली होती, आणि प्राणी कोणता व तापमान किती होते, हे पाहणे आवश्यक असते. या माहितीशिवाय ‘जलपिसूंना अपायकारक नाही’ हा शेरा एखाद्या रसायनापुढे आढळला, तर त्यावरून ते रसायन निर्धोक आहे असे समजता येत नाही. ते पाण्यात विरघळलेच नव्हते, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.